पिकाचा ताण ओळखतो, माणसाचा का नाही?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर पाणी, वीज, भाव, कर्ज हे विषय ठरलेलेच असतात. या वेळी आम्ही त्यात आणखी एक विषय घालून घेतला आहे. विषय आहे बीपी आणि शुगर. "चळवळीच्या बैठकीत दवाखाना कशाला आणता?" असे कोणी विचारील. त्यांच्यासाठीच हा अग्रलेख आहे.

आमचा एक जुना कार्यकर्ता बैठकीहून परतताना एसटी स्टँडच्या बाकावर बसला, तो उठेना. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. ऊन लागले असेल म्हणून सोबत्यांनी सावलीत निजवले, कांदा हुंगवला, पाणी पाजले. त्यात दोन-तीन तास गेले. मग मिरजेला नेले. माणूस वाचला, पण हात गेला. वय बावन्न. अंगाने काटक, पोट नाही, दारू नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला असणार, कधी मोजला होता? कधीच नाही. या माणसाला आपल्या विहिरीतले पाणी फुटात सांगता येत होते. सोसायटीची थकबाकी रुपयात पाठ होती. शाळूला शेवटचे पाणी कोणत्या तारखेला बसले तेही तोंडावर होते. स्वतःच्या रक्ताचा दाब तेवढा ठाऊक नव्हता.

शेतकऱ्याने आत्महत्या केली तर निदान पंचनामा होतो. जिल्ह्याची समिती बसते, पात्र-अपात्र ठरते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. लकव्याने खाटेला खिळलेल्याचा पंचनामा होत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी छाती धरून बांधावर बसला आणि तिथेच संपला, त्याला गाव म्हणते "नशीब". आम्ही म्हणतो, यातल्या किती तरी मरणांमागे कर्जाचा, दुष्काळाचा आणि भावाचा हात आहे. तो हात अंगात कोणत्या वाटेने शिरतो ते आता शास्त्राला बरेचसे कळले आहे. ते आपल्यालाही कळले पाहिजे.

ताण हा शब्द आपलाच

शहरातले लोक ताण म्हणजे मनाचा काही तरी नाजूक आजार समजतात. आपल्याला ताण वेगळा सांगावा लागत नाही. "पिकाला ताण बसला" हे आपण रोज बोलतो. ताण बसलेला शाळू दुपारी पान गुंडाळून घेतो. कापसाला ऐन पात्या-फुलात ताण बसला की पाते गळते, कोवळी बोंडे खाली पडतात. झाड रडत नाही, ओरडत नाही. पण मुळाला ओल मिळेना झाली की झाडात एक रस तयार होतो, तो पानापर्यंत जातो आणि पानावरची बारीक छिद्रे मिटवतो. पाणी वाचवा, असा तो निरोप असतो. या रसाला अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी तो १९६३ साली वेगळा काढला, तो कापसाच्या कोवळ्या बोंडांतूनच. म्हणजे झाडालाही हार्मोन असतात, आणि ताणाचा निरोप तेच पोचवतात.

जनावराचेही तसेच. म्हैस धारेला उभी आहे आणि कुत्रे भुंकत अंगावर आले, तर ती पान्हा चोरते. मग आंबोण दाखवा, पाठ थोपटा, दूध उतरत नाही. म्हैस खोडकर नसते. पान्हा सोडणारा एक हार्मोन असतो. भीती वाटली की दुसरा हार्मोन, अ‍ॅड्रिनॅलिन, रक्तात येतो आणि पहिल्याचे काम अडवतो. ही गोष्ट गवळ्याच्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून धारेच्या वेळी आपण गोठ्यात आरडाओरडा करू देत नाही.

झाडाला ताण बसतो हे मान्य, म्हशीला बसतो हे मान्य. मग माणसाच्या बाबतीतच आपण "मन खंबीर ठेव", "बाईसारखा काय करतोस" असे का म्हणतो? पाते गळाले म्हणून कोणी कापसाला भित्रा म्हटले आहे काय?

मूत्रपिंडावरच्या दोन टोप्या

प्रत्येक माणसाच्या दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. त्यांना अ‍ॅड्रिनल म्हणतात. संकट दिसले की मेंदूकडून त्यांना हुकूम जातो. पहिल्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. छाती धडधडते, हातापायात बळ येते. वाटेत साप आडवा आला की आपण हातभर मागे उडी मारतो ती याच्याच जोरावर. पाठोपाठ सुटतो कॉर्टिसॉल. तो अ‍ॅड्रिनॅलिनपेक्षा सावकाश येतो आणि जास्त वेळ थांबतो. तो यकृताला सांगतो, साखर रक्तात सोड. इन्सुलिनला सांगतो, तू जरा थांब. जखम भरणे, जंतूंशी लढणे, अन्न पचवणे, पोरेबाळे होऊ देणे ही कामे नंतर करू, आधी जीव वाचवू. एकंदरीत ही आणीबाणी असते.

साप गेला की आणीबाणी उठते. हार्मोन उतरतात, शरीर मूळ कामाला लागते. ही निसर्गाची देणगी आहे. थोडा ताण वाईट नसतो, हे आटपाडीच्या डाळिंबवाल्याला आम्ही सांगायला नको. बहार धरायचा तर तो बाग ताणावर सोडतो, पाणी तोडतो, पानगळ करतो. मग पाणी दिले की बाग फुलाने भरून येते. पण त्याला ताणाचे दिवस मोजता येतात आणि पाणी केव्हा द्यायचे ते त्याच्या हातात असते. तीच बाग दोन वर्षे ताणावर राहिली तर बहार येत नाही. सरपण होते.

कोरडवाहू शेतकऱ्याची आणीबाणी उठतच नाही. मृग कोरडा गेला की पेरणीची काळजी. पेरले की उगवणीची, उगवले की पावसाच्या उघडिपीची. पीक आले की काट्याची आणि भावाची. पैसे आले की ३१ मार्चची आणि नवे-जुने करण्याची. तोवर पोरीचे लग्न येते आणि पुन्हा मृग येतो. सापाने चावा तरी घ्यावा नाही तर निघून तरी जावे. हा साप वर्षानुवर्षे उंबऱ्यात बसून आहे.

अशा वेळी ज्या हार्मोनने जीव वाचवायचा तोच जीव पोखरतो. रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, दाब चढतो. रक्तात साखर तरंगत राहते, पण कामाला येत नाही. हातापायाचे मांस झडते आणि पोटावर चरबी धरते. झोप तुटते. बाईची पाळी मागेपुढे होते, पुरुषाची इच्छा मरते. जखम लवकर भरत नाही. अमेरिकेत १९९५ साली एक तपासणी झाली. घरातल्या विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसाची वर्षानुवर्षे सेवा करून थकलेल्या बायांच्या हातावर आणि त्यांच्याच वयाच्या इतर बायांच्या हातावर सारखीच बारीक जखम केली गेली. सेवा करणाऱ्या बायांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. काळजी जखमेतही उतरते ती अशी.

रब्बी शाळूवरचा खडखड्या तुम्हाला माहीत आहे. त्याची बुरशी रानात आधीपासूनच असते. ओल असेपर्यंत ती ताटाचे फारसे बिघडवू शकत नाही. दाणा भरायच्या वेळी ताण बसला की मात्र तीच बुरशी ताट आतून पोकळ करते आणि वाऱ्याच्या एका झुळकीत शाळू आडवा होतो. माणसाच्या अंगात दबून बसलेले क्षयाचे जंतूही तसेच संधी पाहतात. मधुमेह झाला की क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. आडवे झालेले ताट दिसते, आतली पोकळी कोणाला दिसत नाही.

पांढऱ्या गोळीचा दाखला

कॉर्टिसॉल अंगात फार झाले तर काय होते याचा दाखला गावोगावी चालताबोलता आहे. गुडघे दुखतात, कंबर धरते म्हणून पुष्कळ जण पुडीतली पांढरी गोळी नाही तर इंजेक्शन घेतात. दुसऱ्याच दिवशी माणूस कोळपणीला उभा राहतो. या गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते, म्हणजे कॉर्टिसॉलचेच कारखान्यात केलेले भावंड. औषध म्हणून ते फार मोलाचे आहे. त्याच्या शोधाला १९५० साली नोबेल मिळाले. पण महिनोन्महिने घेतलेल्याचे तोंड सुजून गोल होते, हातपाय काडीसारखे होतात, पोट सुटते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने आपल्याकडे किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते आठवा. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणे होती. काळजीने वाढणारा कॉर्टिसॉल गोळीइतका जोरकस नसतो. पण गोळी बंद करता येते. कर्जाची काळजी रोज सकाळी आपोआप पोटात जाते.

पाऊस गेला की लाळेत दिसते

हे सगळे अनुमान नाही काय? नाही. कॉर्टिसॉल लाळेतही मोजता येतो. आफ्रिकेतल्या केनिया देशात तशी मोजणी झाली आणि अभ्यास २०१३ साली पुढे आला. जिथे पाऊस कमी पडला तिथल्या शेतकऱ्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल वाढलेला मिळाला. ज्यांचे पोट केवळ शेतीवर, त्यांच्यात वाढ अधिक. ज्यांचा धंदा पावसावर अवलंबून नव्हता त्यांच्यात ती दिसली नाही. म्हणजे ढगाने दिलेला दगा माणसाच्या थुंकीपर्यंत पोचतो.

दुसरा दाखला आपल्याच देशातला. तामिळनाडूतल्या ४६४ ऊसकऱ्यांची तपासणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ऊस गेला की हातात पैसा, त्याआधी चणचण, अशी त्यांची स्थिती. त्याच माणसांना सुगीआधी आणि सुगीनंतर डोके चालवायला लावणारी कोडी घातली. सुगीआधी ती कमी सुटली. नाडीही तेव्हा जलद होती आणि दाबही जास्त होता. माणसे तीच होती. फरक होता तो खिशातल्या चणचणीचा. आता सांगा, शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, तो चुकीचे निर्णय घेतो, असे सांगणारे शहाणे कोणत्या महिन्यात त्याच्याशी बोलत असतात?

काटक माणसाला शुगर कशी?

"शुगर हा बसून खाणाऱ्यांचा रोग, आपल्याला कसा होईल?" हा समज घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मतः वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. पण आपली बाळे वजनाने हलकी असली तरी त्यांच्या अंगावर मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीची. अशा अंगाला पुढे मधुमेह लवकर गाठतो.

पोटातल्या उपासाची नोंद शरीर पन्नास वर्षे ठेवते, हे हॉलंडमध्येही दिसले. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीत तपासली, तेव्हा त्यांची साखर पचवण्याची ताकद इतरांपेक्षा कमी भरली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतच्या आया पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांची ती लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली. आज तीच माणसे आपल्या बैठकांना पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी दंडाला पट्टा बांधून घ्यायला नको काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक बीपी ताणानेच होते असे नाही. मीठ, तंबाखू, मिश्री, वय, घराण्यातला वारसा हीही कारणे आहेत. पण ताण या प्रत्येकात भर घालतो. ज्याला झोप नाही तो रात्री तंबाखू मळतो, ज्याला काळजी सुटत नाही तो संध्याकाळी बाटली जवळ करतो. तंबाखू दाब आणखी चढवते आणि दारू उरलीसुरली झोप खाते.

रात्रीचे पाणी आणि बाईचा भार

कॉर्टिसॉलचे एक घड्याळ असते. पहाटे उठायच्या सुमारास तो सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. त्या वेळी शरीर दुरुस्तीला निघते. आणि आपल्याकडे मध्यरात्री काय होते? मोटार चालू करायला माणूस उठतो. बॅटरी, काठी घेऊन चिखलात उतरतो. सापाचे भय, तारेचे भय, बिबट्याचे भय. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, असे किती वर्षे? सरकारने २०१७ साली दिवसा विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना काढली. जिथे ती पोचली तिथे चांगलेच. जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे ती मागणी केवळ सोयीची नाही, जिवाची आहे, असे आता अधिकाऱ्यांना ठणकावून सांगा.

मायबहिणींचे तर विचारूच नका. खानापूर, आटपाडीकडचा गडी गलाईच्या धंद्यावर देशभर पांगलेला, माण-खटावचा गडी मुंबईत ओझी उचलणारा. मागे शेत, जनावर, म्हातारे, शाळेतली पोरे आणि सोसायटीची नोटीस, सारे बाईच्या अंगावर. सात-बारावर तिचे नाव नसते, पण बोजा तिच्या काळजावर असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ साली म्हसवडसारख्या ठिकाणी चारा छावण्या लागल्या. तेव्हा कित्येक बाया-माणसे महिनोन्महिने जनावरांपाशीच राहिली. जनावरांना चारा मिळतो की नाही ते तपासायला अधिकारी येत. त्या बायांची पाळी चुकली, केस गळाले, डोके उठले, चक्कर आली, हे कोणी विचारले नाही. आणि घरात ती जेवते सगळ्यांच्या शेवटी. तिचा दाब मोजायचा तर तिला दवाखान्यात न्यावे लागते, आणि नेणारा गावात नसतो.

हातात काही असणे

मग यावर औषध काय? "ताण घेऊ नका" हे औषध नव्हे. ताण काही आपण बाजारातून घेऊन येत नाही. तो आपल्यावर लादला जातो.

अमेरिकेत जे वेस नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना सारखेच विजेचे झटके. एकाला चाक फिरवून झटका थांबवता येत होता. त्याने थांबवला की दुसऱ्याचाही थांबे, पण दुसऱ्याच्या हातात काही नव्हते. झटके दोघांना तेवढेच बसले, पण जठरात जखमा जास्त झाल्या त्या दुसऱ्याला. झटक्याआधी इशारा मिळणाऱ्या उंदरालाही जखमा कमी झाल्या. दुःख किती आहे याइतकेच महत्त्व आहे ते दोन गोष्टींना: ते केव्हा येणार हे कळते का, आणि ते थांबवणे काही अंशी तरी आपल्या हातात आहे का.

आता या कसोटीवर सरकारची धोरणे तपासा. कर्जमाफी २०१७ साली झाली, पुन्हा २०१९ साली झाली. यादीत आपले नाव आहे की नाही याची वाट पाहण्यात माणसांचे महिने गेले. २०२५ च्या ऑगस्टात, नवा कापूस घरात यायच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. ज्याने मृगात बी पेरले त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इशारा नाही, हातात चाक नाही. दुसऱ्या उंदराची गत याहून वेगळी काय होती? पावसाचा लहरीपणा निसर्गाचा आहे, धोरणाचा लहरीपणा माणसांनी केलेला आहे. तो आपल्या रक्तदाबात मोजता येतो, हे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

उलट बाजूही आपल्याच जिल्ह्यांत आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीला पाचशेच्या आसपास. हा निसर्गाचा अन्याय "आपले नशीब" म्हणून सोसणारी माणसे १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांत एकत्र बसली आणि त्यांनी समान पाण्याची मागणी केली. त्याआधी येरळेच्या काठी बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभे केले. पाणी यायला वर्षे लागली. पण एकट्याने घरात कुढणे वेगळे आणि शंभर जणांत बसून मागणी करणे वेगळे. दुसऱ्यात हातात चाक आल्यासारखे वाटते. चळवळ भाव मिळवून देते तेव्हा देते, पण एकटेपण ती पहिल्या दिवसापासून कमी करते.

विदर्भातला अनुभव हेच सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. त्यांनी ऐकून घेतले, धीर दिला आणि गरज पडली तिथे डॉक्टरपर्यंत नेले. आधी उदासीने ग्रासलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. तिथे मोठे इस्पितळ बांधले नव्हते, गावातली माणसे दारापर्यंत गेली होती.

बैठकीपुढचे ठराव

म्हणून या बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण हात वर करून विसरू नका.

पहिला. यापुढे प्रत्येक तालुका बैठकीत दंडाला पट्टा बांधून दाब मोजला जाईल. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी-शुगरची तपासणी फुकट करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तिथल्या ताईंना सन्मानाने बोलवा. दाब पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला, उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली, तर डॉक्टरकडे जायचे, सुगी संपायची वाट पाहायची नाही. गोळी चालू झाली की ती रोजची. बरे वाटते म्हणून बंद करणे म्हणजे पीक हिरवे दिसते म्हणून पाणी तोडणे.

दुसरा. पुडीतली पांढरी गोळी बंद. औषधाचे नाव विचारायचे, चिठ्ठी मागायची. मात्र जो महिनोन्महिने घेत आला आहे त्याने ती एकदम तोडू नये. शरीराने स्वतःचा कॉर्टिसॉल करणे थांबवलेले असते, एकदम तोडले तर जिवावर बेतते. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची.

तिसरा. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर कांदा नको, सावली नको, १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच चालते. आमच्या कार्यकर्त्याचा हात त्या एसटी स्टँडवरच्या दोन-तीन तासांत गेला, हे दुःख आम्हाला आहे.

चौथा. वसुलीची नोटीस आलेला शेतकरी बँकेत एकटा जाणार नाही. गावातले दोघे सोबत जातील.

पाचवा. जो माणूस गप्प झाला, जेवेना, झोपेना, व्यवहार मिटवल्यासारखे बोलू लागला, त्याच्या घरी जा. सरळ विचारा, "जिवाचे काही वाईट मनात येते का?" विचारल्याने विचार येत नाही, उलट ओझे उतरते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीत फुकट बोलता येते.

सहावा. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरातल्या बाईला सोबत आणायचे, आणि पट्टा आधी तिच्या दंडाला बांधायचा.

भावांनो, आम्ही भावाची लढाई सोडून आरोग्याच्या गप्पा मारायला बसलेलो नाही. मूळ औषध तेच आहे: घामाचे दाम, वेळेवर पाणी, दिवसा वीज आणि दर हंगामाला न बदलणारे धोरण. पण ती लढाई लांबची आहे आणि लढणारी माणसे अध्येमध्ये गळता कामा नयेत. पाते गळालेल्या कापसाला नंतर कितीही पाणी दिले तरी गळालेले पाते परत लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना सात-बारा आणा, सोसायटीचा उतारा आणा. आणि एका चिठोऱ्यावर आपला दाब लिहून आणा.